एटीव्हीला हीटेड ग्रिप्स: करंट कुठून घ्यायचा आणि वायर कशी न्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातल्या उत्तर ओंटारिओत घर, ५०० सीसीच्या आसपासची फ्यूएल इंजेक्शनची एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी चार चाकी गाडी), पुढे विंच (केबल गुंडाळून ओढणारी विजेची मोटर) आणि बर्फ लोटायचं पातं. पारा उणे २५ पर्यंत उतरतो, तास-दीड तास ड्राइव्हवे मोकळा करत बसावं लागतं आणि पंधरा मिनिटांत बोटं बधिर होतात. हँडलच्या दोन गरम होणाऱ्या मुठी, म्हणजे ग्रिप्स, आणि अंगठ्याचा हीटर असा संच आणला आहे. थेट बॅटरीवर जोडला तर चालेल का, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच का, आणि यापायी बॅटरी उतरणार तर नाही ना?

शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण बाकीचे निर्णय तिच्यावर ठरतात. ग्रिप्समुळे बॅटरी उतरू शकते, पण एकट्या ग्रिप्सनी ती क्वचितच उतरते. तुमच्या गाडीवर विंच आहे आणि कामाचं स्वरूप हळू, थांबत-थांबत करायचं आहे. तिथे सगळा हिशेब बदलतो.

आधी विजेचा हिशेब

एका ग्रिपला २५ वॅट धरू. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट मिळाले तर दोन्ही मिळून ५० वॅट, म्हणजे सुमारे ३.६ अँपिअर. अंगठ्याच्या हीटरला अर्धा अँपिअर धरा. एकूण चारच्या आसपास. तुमच्या खोक्यावर वेगळा आकडा असेल तर तो घ्या, रीत तीच. तासाभरात हे ४ अँपिअर-तास झाले.

आता विंच. पातं उचलताना ती ६० अँपिअर ओढते आणि एका वेळी ३ सेकंद चालते असं समजा. एका उचलीला १८० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.०५ अँपिअर-तास. वीस उचलींना एक अँपिअर-तास. तासाभरात ८० वेळा पातं वरखाली केलंत तर ग्रिप्सइतकाच खर्च विंचने केला, आणि तोही नेमका इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता मंद फिरत असताना, कारण पातं उचलताना आपण थ्रॉटल सोडलेलं असतं. गाडी रुतली आणि विंच पूर्ण ताणाने ओढावी लागली तर १०० अँपिअरच्या पुढे सहज जाते. पॉवर स्टिअरिंग असेल तर हळू वेगात हँडल वळवताना तेही चांगलाच झटका घेतं.

जमेच्या बाजूला स्टेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा भाग. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचे जे वॅट छापलेले असतात ते वरच्या आरपीएमचे असतात, बहुधा ५,००० च्या आसपासचे. आयडलला त्यातला थोडाच भाग मिळतो. तेवढ्यात पेट्रोल पंप, इंजेक्शन, इग्निशन, हेडलाइट हे सगळं भागवायचं असतं. म्हणून मॅन्युअलमधला मोठा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर लावून स्वतःच्या गाडीवर बघा.

रीत सोपी आहे. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. इंजिन सुरू करून पाच मिनिटं गरम होऊ द्या. मधल्या आरपीएमला १३.८ ते १४.५ यायला हवेत. मग आयडलला आणा, हेडलाइट लावा आणि मोजा. आता ग्रिप्सच्या जागी ५० ते ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब तात्पुरता बॅटरीवर लावून पुन्हा मोजा. एकही ग्रिप न बसवता तुम्हाला उत्तर मिळतं. आयडलला १३.२ च्या वर राहिलं तर काळजी नाही. १२.८ च्या खाली गेलं तर बॅटरीतून खर्च चालू आहे असं समजायचं, आणि आयडलला असताना ग्रिप्स 'लो'वर ठेवायची सवय लावायची.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ६० च्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आधीच गोठू शकते. आतल्या प्लेटा वाकतात, खोकं तडकतं. म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळी उतरलेली बॅटरी रात्री शेडमध्ये तशीच राहिली तर सकाळी ती नुसती डाऊन नसेल, कायमची गेलेली असेल. गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंपर केबल लावायची नाही. आधी ती घरात आणून पूर्ण वितळू द्यायची, आणि फुगलेली वा तडकलेली दिसली तर थेट बदलायची.

हिशेब सुधारायचे दोन उपाय आहेत. पातं लावून काम करताना गिअर 'लो रेंज'मध्ये ठेवा. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, चार्जिंग सुधारतं, आणि सीव्हीटीचा, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचा बेल्टही कमी तापतो. दुसरा म्हणजे मागची जास्तीची फ्लड लाइट एलईडी करणं. पुढच्या हेडलाइट मात्र विचार करून बदला: हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो, एलईडीची काच थंड राहते आणि उडालेल्या बर्फाने झाकून जाते. बॅटरी बदलायचीच असेल तर एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी) घ्या. लिथियम-आयर्न-फॉस्फेट वजनाने हलकी असते, पण शून्याखाली ती चार्ज करणं तिच्या आयुष्याला घातक असतं, त्यामुळे या कामाला ती योग्य नाही.

संच निवडताना होणारी एक चूक

मोटारसायकलचा संच एटीव्हीला बसत नाही. मोटारसायकलला उजवी ग्रिप फिरती असते. ती प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, म्हणून त्या ग्रिपचं भोक मोठं असतं. एटीव्हीला अंगठ्याचा थ्रॉटल असतो, दोन्ही ग्रिप्स थेट हँडलबारवर बसतात आणि दोन्हीकडे बार ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी असतो. मोटारसायकलचा संच घेतला तर उजवी ग्रिप ढिली होऊन फिरत राहते, आणि हे धोक्याचं आहे. ऑक्सफर्डसारख्या कंपन्या एटीव्हीसाठी वेगळा संच काढतात. खोक्यावर 'एटीव्ही' लिहिलेलं आहे ना, ते उघडण्यापूर्वी बघा.

संचाचे दोन प्रकार मिळतात. एकात तयार गरम ग्रिपच असते. दुसऱ्यात पातळ चिकट पट्टी असते; ती बारवर गुंडाळायची आणि वर आपली ग्रिप चढवायची. पट्टीचा प्रकार स्वस्त आहे आणि ग्रिप झिजली तरी आपल्या पसंतीची दुसरी लावता येते. पण पट्टीची उष्णता वर हातात जाते तशी खाली धातूच्या बारमध्येही जाते, आणि उणे २५ ला लोखंडी बार ती पिऊन टाकतो. त्यावर उपाय म्हणजे बारवर आधी पातळ हीट-श्रिंक स्लीव्ह चढवून आकसून घ्यायची, तिच्यावर पट्टी. स्लीव्हने जाडी साधारण एक मिलिमीटरने वाढते, त्यामुळे ग्रिप आधी कोरडी चढवून बघा. बारच्या तोंडात फोमचा बोळा कोंबला तर आतल्या हवेतून जाणारी उष्णताही थोडी अडते. संचाच्या पत्रकात स्लीव्ह लावू नका असं म्हटलं असेल तर मात्र ऐका, कारण काही पट्ट्या बारला उष्णता देऊनच मर्यादेत राहतात.

ग्रिप काढणं आणि बसवणं

गाडी आदल्या रात्री गरम गॅरेजमध्ये आणून ठेवा. बर्फ वितळला पाहिजे, पाणी सुकलं पाहिजे आणि बार खोलीच्या तापमानाला आला पाहिजे. थंड धातूवर ओल धरते आणि त्यावर लावलेला कोणताही गोंद धरत नाही. दोन भागांचा इपॉक्सी तर १० अंशांखाली नीट कडकच होत नाही.

जुनी ग्रिप काढायला कडेखाली बारीक स्क्रूड्रायव्हर घालून साबणाचं पाणी सोडा आणि पिळत काढा. एअर कॉम्प्रेसर असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. नाहीच निघाली तर सरळ कापा. मग बार आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि जुन्या गोंदाचे कण, गंजाचे खवले पॉलिश पेपरने साफ करा. पट्टीच्या खाली राहिलेला एक खडा ग्रिप दाबून चढवताना पट्टीत भोक पाडतो, मग बारशी शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो.

पट्टी लावताना तिच्या दोन कडा एकमेकींवर चढू देऊ नका; तिथे दुप्पट उष्णता साठून पट्टी जळते. ती कापूनही लहान करायची नाही. वायर बाहेर येण्याची जागा आतल्या बाजूला, थ्रॉटलच्या आणि ब्रेकच्या डब्यापासून दूर आणि खालच्या अंगाला ठेवा. वरून बाहेर काढली तर वितळलेलं पाणी वायरवरून ग्रिपमध्ये ओघळतं. गोंद उष्णता सहन करणाराच घ्या. साधा पाण्याचा ग्रिप-गोंद आठवडाभरात मऊ होतो आणि ग्रिप फिरायला लागते.

गोंद ओला असतानाच मल्टिमीटर हातात घ्या. २५ वॅटच्या ग्रिपचा रेझिस्टन्स साडेसात ओहमच्या आसपास यायला हवा. मग एक टोक वायरला आणि दुसरं बारच्या उघड्या धातूला लावा. तिथे काहीच कनेक्शन दिसता कामा नये. दिसलं तर पट्टी कुठेतरी फाटली आहे. आत्ता ग्रिप सहज निघेल, उद्या नाही.

अंगठ्याचा हीटर

या एका तुकड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण इथली चूक हात गार ठेवण्यावर थांबत नाही, थ्रॉटल अडकवते.

अंगठा थ्रॉटलच्या खटक्याला ज्या बाजूने दाबतो तिथे ही छोटी पट्टी चिकटते, आणि वर रबरी बूट किंवा हीट-श्रिंक येते. खटका दर मिनिटाला कित्येकदा पुढेमागे जातो, आणि त्याच्यासोबत वायर वाकते. म्हणून वायर खटक्याच्या टोकाकडून काढू नका. ती खटक्याच्या पाठीवरून, तो ज्यावर फिरतो त्या खिळीपर्यंत आणा आणि तिथून बाहेर काढा. खिळीजवळ हालचाल सगळ्यात कमी असते. तिथे एक मऊ वळसा सोडा, खटका पूर्ण दाबला तरी ताणला जाणार नाही आणि सुटला तरी डब्याच्या फटीत शिरणार नाही एवढाच. वायर सिलिकॉनच्या आवरणाची असावी. साधं पीव्हीसी थंडीत ताठ होतं, आणि ताठ वायर स्प्रिंगच्या विरुद्ध दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते.

आता तपासणी, इंजिन बंद ठेवून. हँडल सरळ ठेवा, खटका पूर्ण दाबून सोडा. तो 'टक्' आवाज करत परत यायला हवा. हेच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून करा. मग गाडी बाहेर काढून दोन तास थंडीत ठेवा आणि तिन्ही तपासण्या पुन्हा करा. गरम गॅरेजमध्ये लवचिक असलेली टेप आणि वायर बाहेर काठीसारखी होते, त्यामुळे आतली तपासणी पुरेशी नाही. खटका जरा जरी रेंगाळला तरी हीटर काढून टाका आणि पुन्हा बसवा. गार अंगठ्यावर इलाज आहे; झाडाच्या दिशेने अडकलेल्या थ्रॉटलवर नाही.

वायरिंग

थेट बॅटरीवर जोडता येतं, पण मग स्विच बंद करायला विसरलात की १४ अँपिअर-तासाची बॅटरी चार तासांच्या आत रिकामी. रिले या कामाला करंटसाठी लागत नाही, चार अँपिअर साधा स्विचही सहन करतो. रिले हवा तो एवढ्यासाठी की किल्ली काढली की ग्रिप्स आपोआप बंद व्हाव्यात, आणि तरीही ग्रिप्सचा करंट गाडीच्या मूळ हार्नेसमधून, म्हणजे कंपनीच्या वायरच्या जुडग्यातून जाऊ नये.

सामान असं: चार किंवा पाच पायांचा साधा १२ व्होल्टचा सीलबंद रिले आणि त्याचं सॉकेट, पाणी न शिरणारे दोन ब्लेड फ्यूज होल्डर, साडेसात अँपिअरचा एक आणि दोन अँपिअरचा एक फ्यूज, १६ गेजची चार-पाच मीटर वायर, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक, बॅटरीसाठी गोल थिंबल, सीलबंद कनेक्टरच्या दोन जोड्या. कॅनेडियन टायर किंवा प्रिन्सेस ऑटो या दुकानांमध्ये हे सगळं मिळतं. भारतात काम शिकलेल्यांसाठी एक खुलासा: कॅनडातली गेज, म्हणजे वायरच्या जाडीचा क्रमांक, अमेरिकन पद्धतीची असते, आपल्या जुन्या ब्रिटिश एसडब्ल्यूजीची नव्हे. अमेरिकन १६ गेज म्हणजे साधारण १.३ चौरस मिमी. वायरचं आवरण क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचं मागा, ती 'जीएक्सएल' नावाने मिळते.

वायर बारीक घेऊन काय बिघडतं? १८ गेजच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०२१ ओहम. बॅटरीपासून ग्रिपपर्यंत दोन मीटर आणि परत दोन मीटर, चार अँपिअरला जवळजवळ ०.३४ व्होल्ट वाटेतच जातात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे सुमारे ५ टक्के ऊब गेली. १६ गेजला हे तीन टक्क्यांच्या आसपास येतं. फार मोठा फरक नाही, पण सांधे खराब झाले की त्यात भर पडते. आणि ग्रिपला १३.८ ऐवजी १२.४ व्होल्टच पोचले तर ऊब पाचव्या हिश्शाने कमी होते.

जोडणी अशी. सुरुवातीला बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, आणि शेवटी तेच जोडा. पॉझिटिव्हवरून निघालेली वायर १५ ते २० सेंटिमीटरच्या आत साडेसात अँपिअरच्या फ्यूजमध्ये गेली पाहिजे. फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पायावर. ८७ नंबरवरून निघून स्विचवर, आणि स्विचवरून ग्रिप्सकडे. ८५ नंबर अर्थला. ८६ नंबरला किल्लीवर चालू-बंद होणारी वायर, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज. रिलेची कॉइल सहाव्या-सातव्या हिश्शाइतका अँपिअरच घेते, म्हणून कोणत्याही किल्लीवरच्या वायरवर हा भार चालतो. रिलेला पाचवा पाय ८७ए असेल तर तो मोकळा सोडा, पण त्यावर स्लीव्ह घाला. डायोड असलेला रिले घेतलात तर ८६ वर पॉझिटिव्हच गेलं पाहिजे, उलट केलं तर फ्यूज उडेल. रिले उभा, पाय खाली करून बसवा म्हणजे पाणी साठत नाही.

किल्लीवरची वायर शोधताना रंगावर भरवसा ठेवू नका. होंडामध्ये हिरवी अर्थ असते, पोलॅरिसमध्ये तपकिरी, इतरांचं वेगळं. मीटरने बघा: किल्ली बंद तर शून्य, चालू केली तर बॅटरीचं व्होल्टेज. सगळ्यात बरी जागा म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटची वायर किंवा कंपनीने ॲक्सेसरीसाठी मोकळं सोडलेलं कनेक्टर. इग्निशन, पेट्रोल पंप आणि पॉवर स्टिअरिंगच्या वायरला हात लावू नका. निळ्या रंगाचे, दाबून वायरला चावणारे टॅप वापरू नका. ते वायरचे तंतू तोडतात, पाणी आत घेतात, आणि दोन हिवाळ्यांत तिथे हिरवा चुरा शिल्लक राहतो.

अर्थची वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत आणा. हँडलबारला अर्थ देणं ही नेहमीची शॉर्टकट चूक आहे. बार रबरी बुशांवर बसलेला असू शकतो, आणि स्टिअरिंगच्या दांड्यातून करंट बेअरिंगच्या ग्रीसमधून, रंगातून वाट काढत जातो. ग्रिप्स कधी तापतात, कधी नाही, आणि दोष ग्रिप्सवर येतो.

सांधे क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत वायर पकडीने दाबून बसवा, वर गोंदाची हीट-श्रिंक. सोल्डर हातखंडा असला तरी इथे टाळा: सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ ते मऊ अशी एकदम बदलते आणि कंपनांनी नेमकी तिथेच तुटते. वायर मूळ हार्नेसच्या सोबतीने स्टिअरिंगच्या दांड्यावरून न्या, सायलेन्सर आणि विंचच्या जाड केबलपासून लांब. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ढील पुरते का ते बघा. साध्या नायलॉनच्या टाय कडाक्याच्या थंडीत कटकन तुटतात. थंडीसाठीच्या घ्या किंवा कापडी टेप गुंडाळा.

स्विच आणि 'लो'

स्विच डाव्या बाजूला, जाड हातमोज्याने दाबता येईल एवढा मोठा आणि रबरी टोपीचा असावा. शेजारी छोटं डिजिटल व्होल्टमीटर रिलेच्या ८७ वरून लावून टाका. वर केलेला सगळा हिशेब तो डोळ्यांसमोर ठेवतो.

संचासोबत हाय-लो स्विच नसेल तर दोन मार्ग. दोन खांबांच्या स्विचने ग्रिप्स 'हाय'ला पॅरलल आणि 'लो'ला सिरीजमध्ये घ्यायच्या. सिरीजमध्ये एकूण ऊब चौथाई होते, ५० वॅटचे साडेबारा. दुसरा मार्ग पीडब्ल्यूएम कंट्रोलरचा; तो करंट झपाट्याने चालू-बंद करत राहतो, यात हवी तेवढी ऊब ठेवता येते. फक्त तो कंट्रोलर निगेटिव्ह बाजू तोडतो की पॉझिटिव्ह, हे पत्रकात वाचा. निगेटिव्ह तोडणारा असेल तर ग्रिप्सची अर्थ फ्रेमला देऊन चालणार नाही, नाहीतर त्या कायम पूर्ण तापत राहतील. काही संचांत 'लो'साठी वेगळा रेझिस्टर असतो. तो स्वतः बराच तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर, धातूवर बसवा.

बिघाड शोधताना

दोन्ही ग्रिप्स गार: आधी फ्यूज, मग किल्ली चालू करताना रिलेचा 'टिक' येतो का. टिक नाही तर ८६ ची वायर किंवा ८५ ची अर्थ. टिक येतो पण ग्रिप गार, तर ३० आणि ८७ वर व्होल्टेज बघा.

'हाय'ला एकच ग्रिप तापते आणि 'लो'ला दोन्ही गार: सिरीजच्या जोडणीत याचा अर्थ सरळ आहे, एक ग्रिप किंवा तिचं कनेक्टर तुटलं आहे.

हँडल वळवल्यावरच फ्यूज उडतो: वायर स्टिअरिंगच्या दांड्याशी घासून उघडी पडली आहे. मोठा फ्यूज टाकून बघू नका.

कोमट तापतात, पुरत नाहीत: ग्रिप्स चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं ग्रिपच्या पॉझिटिव्ह वायरवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर त्या वाटेत एक सांधा खराब आहे. हेच निगेटिव्ह बाजूला करा. मधले एकेक सांधे मोजत गेलात की दोषी पाच मिनिटांत सापडतो. नुसतं ग्रिपवरचं व्होल्टेज भाराशिवाय मोजलंत तर गंजलेला सांधाही पूर्ण १२.६ दाखवतो, आणि तिथे बरेच जण फसतात.

सकाळी बॅटरी उतरलेली: किल्ली बंद ठेवून निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा. काही मिलीअँपिअर ठीक. शेकड्यात असेल तर रिले चिकटलेला आहे किंवा ८६ चुकून कायम चालू वायरवर गेली आहे. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवू नका आणि विंचला हात लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

वारा अडवायला हवाच

ग्रिप तळहात तापवते. बोटांच्या पाठीवर वारा लागतच असतो. कॅनडा आणि अमेरिकेने २००१ पासून वापरात आणलेल्या विंडचिलच्या सूत्राने उणे २५ अंश आणि ताशी ३० किमी वारा म्हणजे उणे ३९. या पट्ट्यात उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते असं कॅनडाचं हवामान खातं सांगतं. म्हणून ग्रिप्ससोबत हँडलबारवर बसणारे मोठे मफ घ्या, ज्यांत हात मनगटापर्यंत आत जातो. ते लावले की कोंडलेली हवाच ५० वॅटने तापते, आणि बहुतेक वेळा 'लो' पुरतो. म्हणजे विजेच्या हिशेबातले तीन अँपिअर परत मिळतात. मफ लावल्यावर थ्रॉटलची तिन्ही तपासणी पुन्हा करा आणि मफचं कापड खटक्याला किंवा ब्रेकला टेकत नाही ना ते बघा.

मफच्या आत पातळ तळव्याचे हातमोजे घाला. जाड इन्सुलेशनचा तळवा थंडी जशी अडवतो तशी ग्रिपची ऊबही अडवतो. 'हाय' पहिली पाच-सात मिनिटं, इंजिन सुरू होऊन चार्जिंग स्थिरावल्यावर, नंतर 'लो'. आणि बोटं आधीच बधिर झाली असतील तर 'हाय'वरची ग्रिप घट्ट धरून बसू नका, भाजलेलं कळत नाही. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी तर 'लो'वरच राहावं आणि अधूनमधून हातमोजा काढून तळहात डोळ्यांनी बघावा.